डावी बाही

कारकून : फक्त एक सही हवीय, वहिनी. साहेबांची. इथं खाली, रेघेवर. मिळाली की मी निघालोच.

मी : सही मिळेल हो, भावजी. पण कागद कसला? बाहेर गाडी उभी आहे, ह्यांचा एक मोजा सापडत नाहीये, दुपारी मंत्रिपदाची शपथ आहे, आणि तुम्ही सकाळी पावणेनऊला काखेत फाइल घेऊन! तुम्हीच ना म्हणाला होतात, पहिल्या निवडणुकीच्या वेळीच साहेबांच्या सगळ्या केसेस दुसऱ्या वकिलांना देऊन टाकल्या म्हणून?

कारकून : दिल्या ना. सगळ्या दिल्या. एक सोडून.

मी : कुठली एक?

कारकून : खिडकीची.

मी : शिंपीणबाईंची? भावजी, काहीतरीच काय! तो दावा संपून किती वर्षं झाली.

कारकून : संपलेला नाही, वहिनी. चालू आहे. म्हणजे चालत नाही, पण कोर्टाच्या बोर्डावर आहे.

मी : सतरा वर्षं?

कारकून : साहेब निवडून आल्यापासून सतरा वर्षं आणि दोन महिने; दावा त्याच्याही दोन वर्षं आधीचा. साठ तारखा झाल्या. आज एकसष्टावी.

मी : आणि इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात?

कारकून : तारखा घेत होतो. साहेबांचा हुकूम होता. निवडणुकीच्या आदल्या आठवड्यात मला बोलावलं आणि म्हणाले, ही केस कुणाला द्यायची नाही, ह्यात मीच बोलणार. मी परत येईपर्यंत तारखा घेत राहा. आणि मुदतीच्या कोऱ्या अर्जांवर सह्या करून गठ्ठा हातात दिला. साठ अर्ज होते. मागच्या तारखेला शेवटचा वापरला, म्हणून आज यावं लागलं. नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता.

मी : काय पण उपकार! अहो, हे निवडून आले, राजधानीत राहायला गेले, तेव्हा तुमच्या ध्यानात नाही आलं, की हे काही कोर्टात परत येत नाहीत?

कारकून : मला वाटलं, पाच वर्षांनी येतील. मग पुन्हा निवडून आले. थांब असं मला कुणी सांगितलंच नाही.

मी : साठ वेळा कारण तरी काय दिलंत?

कारकून : सगळं कोर्टाच्या रोजनाम्यात आहे. ताप. दौरा. अधिवेशन. कंबर. पुन्हा अधिवेशन. मावशींचं निधन, तीनदा.

मी : ह्यांना मावशी नाही.

कारकून : म्हणूनच मावशी घेतली. उगाच खऱ्या माणसाच्या जिवावर कशाला उठायचं?

हे : अगं, मोजा मिळाला का? करडा घातलाय मी, आणि एकच आहे. अरे, तू! ये ये. बस. आज तू येणार हे मला ठाऊकच होतं. पहिल्या दिवसापासूनचा माणूस तू. चहा घेतलास?

मी : अभिनंदनाला नाही आलेत ते. तारखेला आलेत.

हे : कसल्या तारखेला?

कारकून : खिडकीच्या, साहेब.

हे : हं. ती होय. आण इकडे. पेन कुठंय? हिनं टेबलावरचं पेन कुठं ठेवलं?

मी : माझ्या हातात आहे. आणि माझ्याच हातात राहणार आहे.

हे : अगं, साडेनऊला निघायचंय. तीन तासांचा रस्ता आहे. एक वाजता पक्षाचे अध्यक्ष मंत्र्यांची यादी घेऊन राज्यपालांकडे जाणार, त्याआधी मी समोर दिसलो पाहिजे. हा खेळ संध्याकाळी खेळू.

मी : तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं.

हे : कशाचं?

मी : मी ऐकलं तेव्हा भावजींवर कडाडले. आणि तुम्ही नुसतं म्हणालात, ‘ती होय’. म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

हे : माहीत म्हणजे... कामाच्या रगाड्यात एखादी गोष्ट मागं राहते. सार्वजनिक जीवनात माणसाला स्वतःचं असं काही—

मी : भाषण नको. मी घरातली आहे. भावजी, खिडकीपुढची भिंत अजून त्या छापखानेवाल्याचीच ना?

कारकून : हो. मागं त्याचं गोदाम आहे.

मी : काय असतं गोदामात?

कारकून : कागद.

मी : कसले?

कारकून : असतात आपले... साहेबांची पोस्टरं, बरीचशी.

हे : त्याचा आणि ह्याचा काहीएक संबंध नाही. पहिल्या वेळी तो माणूस आपण होऊन दारात आला. म्हणाला, कोर्टातलं भांडण कोर्टात, पोस्टरं मी छापतो. गावात दुसरा छापखाना होता का? तूच सांग, होता का?

मी : नव्हता. आणि दुसऱ्या वेळी?

हे : दुसऱ्या वेळी हा आला होता विचारायला, केसचं काय करायचं. मी म्हटलं, चालू दे.

मी : भावजी! आत्ता म्हणालात ना, कुणी काही सांगितलंच नाही?

कारकून : थांब असं नाही सांगितलं, वहिनी. चालू दे सांगितलं होतं. ते तुम्ही विचारलं नाहीत.

मी : शाबास. एकानं खड्डा खणला आणि दुसऱ्यानं साठ वेळा त्यावर पालापाचोळा टाकला. आणि मी मूर्खासारखी त्या गल्लीतून जायचं टाळत होते. मला वाटायचं, केस हरलो आपण, कुठल्या तोंडानं जायचं! बाजारात ती दोनदा समोरून आली, तर मी भाजीवाल्याच्या मागं उभी राहिले. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं हसली.

हे : झालं तुझं बोलून? आता सही करू? हा कोर्टात जाईल, तारीख घेईल, आणि मी शब्द देतो, महिन्याभरात चांगल्यातला चांगला वकील बघून—

कारकून : साहेब, तसं होणार नाही. नव्या जज्जबाई आल्यात. मागच्या खेपेला त्यांनी रोजनाम्यात लिहून ठेवलंय, ही शेवटची संधी. आज युक्तिवाद झाला नाही तर दावा काढून टाकणार. तरी मी म्हटलं, मंत्रिपदाची शपथ आहे असं लिहिलं तर कदाचित ऐकतील. इतक्या वर्षांत हे पहिलंच खरं कारण आहे.

हे : मग दुसरा कुणी उभा कर. आत्ता. कोर्टात वकिलांचा दुष्काळ आहे का?

कारकून : दोनदा विचारलं शिंपीणबाईंना. नको म्हणाल्या. ज्यानं खिडकी पाहिलीय त्यानंच बोलायचं, म्हणाल्या. खरंय ते. आता ती खिडकी पाहिलेलं माणूस उरलंय कोण? गोदामाच्या पलीकडं ती दिसत नाही, आणि आतून बघावं तर भिंत.

हे : मोठी पंचाईत आहे! अगं, मी काय सुखानं बसलो होतो का तिथं? सतरा वर्षं मागच्या बाकावर काढली. माझ्यामागून आलेली पोरं पुढं जाऊन बसली. त्या साखरतोंड्याला दोनदा मंत्री केलं, ज्याला कायदा कशाशी खातात ते माहीत नाही. आणि आज कुठं माझं नाव आलंय. कायदा खातं. माझं खातं! तुला ह्याचं काहीच नाही?

मी : आहे ना. काल तुम्ही ते भाषण वाचत होतात, मी बाहेरून ऐकलं. माझ्या कारकिर्दीत एकही जुना दावा पडून राहणार नाही. मला किती बरं वाटलं. म्हटलं, इतक्या वर्षांनी आपला माणूस काहीतरी कामाचं बोलतोय.

हे : टोमणे मार. मार. आजच मार.

मी : तो दावा आपल्याकडे कसा आला ते आठवतं?

हे : आता आठवणी काढायच्या? बाहेर तो ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.

मी : वाजवू दे. बुधवार होता. ती तुमचा नवा काळा कोट घेऊन आली होती. इथंच, ह्या आरशासमोर, तुम्ही तो घातलात आणि ओरडलात. डावी बाही दोन बोटं आखूड. ती म्हणाली, माप बरोबर घेतलं होतं, साहेब. उजेड गेला. सोमवारी खिडकीपुढं भिंत उभी राहिली. दिव्याच्या उजेडात काळ्या कापडावर काळा दोरा मला दिसला नाही. उसवून देते, म्हणाली. आणि तुम्ही म्हणालात, नको, हात लावू नका. हाच माझा पुरावा.

कारकून : तो पुरावा दाखल मात्र झाला नाही.

हे : काय? कोट दाखल केला नव्हता?

कारकून : कसा करणार? तुम्ही रोज तोच घालून येत होतात. दाखल केला असता तर तुम्ही काय घालून उभे राहिला असतात? मी दोनदा आठवण केली. उद्या करू, म्हणालात. मग पुराव्याची वेळ संपली.

मी : आणि आखूड बाही लोकांना दिसू नये म्हणून डावा हात खिशात. तो अजून तिथंच आहे. चौकात वीस फुटांचा तुमचा फोटो लागलाय, त्यातही डावा हात खिशात. पेपरवाले लिहितात, साहेबांचा रुबाब. माझी बहीण म्हणते, किती ऐटीत उभे राहतात! मी कुणाला बोलले नाही. पण दर निवडणुकीला ते पोस्टर बघून मला ती शिंपीणच आठवायची.

हे : अगं, पण आज मी काय करू ते सांग. आजच्या आज!

मी : आत या. स्वयंपाकघरात. भावजी, तुम्हीपण या.

हे : कशाला?

मी : हे स्टूल ओळखता ना? आणि हातोडा म्हणून आपटायची ही पळी? वीस वर्षं रोज सकाळी मला ह्या स्टुलावर बसवून तुम्ही जज्ज करत होतात. दूध उतू जायचं, पण तुमचा युक्तिवाद संपायचा नाही. आमदार झालात, भाषणं लिहून द्यायला माणसं मिळाली आणि माझं कोर्ट बंद पडलं. आज उघडलंय. तारीख हवीय ना? मागा. जज्जबाईंकडे मागणार ते आधी माझ्याकडे मागा.

हे : तुला वेड लागलंय.

मी : कोर्टाशी बोलताना जपून. चला.

हे : बरं. घे बाई. पाच मिनिटं, आणि मग मला पेन. महोदया, दाव्यातील वकील हे आज राज्याच्या मंत्रिपदाची शपथ घेणार असल्यानं, राज्याच्या व्यापक हिताचा विचार करता—

मी : राज्याचं नंतर बघू. तुमच्या पक्षकाराचं वय?

हे : पंचावन्न.

कारकून : ते दावा लावला तेव्हाचं, साहेब. आता चौऱ्याहत्तर.

मी : तुम्ही पुढची तारीख मागताय. त्या तारखेला बोलणार कोण?

हे : मी.

मी : मंत्र्याला कोर्टात उभं राहता येतं?

हे : नाही.

मी : मग तारीख कुणासाठी मागताय?

हे : (पुटपुटत) माझ्यासाठी.

मी : मोठ्यानं. कोर्टाला ऐकू येत नाही.

हे : माझ्यासाठी. झालं समाधान?

मी : अर्ज नामंजूर. युक्तिवाद सुरू करा.

हे : मी फाइल उघडलेली नाही सतरा वर्षांत!

मी : फाइल राहू द्या. खिडकी सांगा.

हे : खिडकी... खिडकी पश्चिमेची. अडीच फूट बाय तीन. चार गज. त्यातला तिसरा खिळखिळा, त्याला ती कात्रीची दोरी बांधायची. खाली मशीन. दुपारी तीनपासून ऊन आधी मशीनच्या चाकावर यायचं, मग सरकत सरकत कापडावर, आणि सहाला तिच्या हातावर. मी स्वतः बसलोय तिथं, महोदया, भिंतीच्या आधी, कोटाच्या मापाला गेलो तेव्हा, तीनपासून सहापर्यंत. तिच्या सासऱ्यानं ती खिडकी पाडून घेतली, त्याआधी त्या खोलीत शिवणकाम होतच नव्हतं. म्हणजे हा धंदा खिडकीमुळं आहे, खिडकी धंद्यामुळं नाही. त्यांचे वकील म्हणतात, एका खिडकीचं काय घेऊन बसलात! माझं उत्तर असं, की त्या बाईच्या खोलीला दुसरी खिडकीच नाही. भिंत नऊ इंचांवर बांधलीय. तीन फूट मागं घेतली असती तर गोदाम काही कोसळत नव्हतं. हे प्रतिवादीनं उलटतपासणीत स्वतः कबूल केलंय, पान... पान...

कारकून : एक्केचाळीस.

हे : पान एक्केचाळीस! मी त्याला विचारलं, मागं घेता आली असती का? तो म्हणाला, आली असती, पण मग पाया पुन्हा खणावा लागला असता. म्हणजे ह्यांचा खणण्याचा कंटाळा आणि तिचा— तिचा—

मी : थांबलात का? सतरा वर्षांनी पुन्हा दूध ठेवावंसं वाटायला लागलं होतं मला.

हे : ती अजून शिवते का रे?

कारकून : शिवते. बारीक काम नाही, उशांचे अभ्रे वगैरे. डोळे गेलेत जवळजवळ. आतल्या दिव्यात सुई ओवता येत नाही. मग दारात येते, रस्त्यावर उन्हात उभी राहून दहाबारा सुया ओवून घेते, पदराला टोचते, आणि पुन्हा आत जाते. त्या संपल्या की पुन्हा बाहेर. मी तारखेचं सांगायला जातो तेव्हा तीच मला म्हणते, साहेबांना सांगा, घाई नाही.

हे : तू हे मला कधी सांगितलं नाहीस.

कारकून : तुम्ही विचारलं नाहीत, साहेब.

मी : हे मात्र तुम्ही दोघंही एका सुरात म्हणू शकता.

हे : आणि समजा आज निकाल लागला, भिंत पडली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्या डोळ्यांना, तिला काय दिसणार आहे?

मी : ते तिला विचारा. तुम्ही तिचे वकील आहात. आज संध्याकाळपर्यंत तरी.

हे : किती वाजता पुकारा होतो रे?

कारकून : बोर्डावर दुसरा नंबर आहे. सव्वाअकरा, फार तर साडेअकरा. युक्तिवाद अर्धा तास. तुमचा म्हणजे तासभर.

हे : बारा-साडेबारा. आणि पुढं तीन तास.

(फोन वाजतो.)

हे : हो, अध्यक्ष महोदय. नमस्कार. नाही... नाही, अजून निघालो नाही. थोडं कोर्टाचं काम... नाही, उद्घाटन नाही. केस आहे. माझी. हो, माझीच, वकील म्हणून. खिडकीची. खि-ड-की. नाही, जमिनीची नाही, सरकारविरुद्ध नाही, एका शिंपीणबाईंची आहे... ऐकून तर घ्या. मी पाच वाजेपर्यंत पोचतो... एक वाजता म्हणजे एकलाच का? हो. हो, कळलं. हॅलो? हॅलो?

मी : काय म्हणाले?

हे : म्हणाले, यादी कुणासाठी थांबत नसते.

मी : म्हणजे?

हे : म्हणजे साखरतोंड्या. तिसऱ्यांदा. आणि छापखानेवाला आजपासून माझं तोंड बघणार नाही. आणि पुढच्या निवडणुकीला मला पक्ष विचारील की नाही, देव जाणे. तुला कळतंय का, तू काय करून ठेवलंस? एका सकाळीत!

मी : मी? मी फक्त पेन धरून बसले होते. हे घ्या पेन. करा सही. अजून नऊ पंचवीसच झालेत. आत्ता निघालात तर एकच्या आत पोचाल. जायचं असेल तर जा, मी मोजा शोधून देते.

कारकून : साहेब, सही?

हे : अरे, हो! सही, सही! तुझा जन्म सह्या घेण्यात गेला. ते वकीलपत्र बघ आत आहे का नीट, का ते पण झुरळांनी खाल्लं. आणि पान एक्केचाळीसला खूण घाल. अगं, तो कोट टाकलास की आहे?

मी : आहे. कपाटात, मागच्या बाजूला. दरवर्षी ऊन देते.

हे : कशासाठी?

मी : सवय. ऊन दिलं नाही तर कापड कुजतं. घाला. हात वर करा... असं.

हे : बटण लागत नाही.

मी : सतरा वर्षं सरकारी जेवणं जेवलात, कसं लागेल? उघडा राहू द्या.

कारकून : साहेब, पण हा पुरावा आता दाखल होणार नाही. मुदत संपलीय.

हे : पुरावा कोण दाखल करतंय? वकिलानं कोट घालून जायचं नाही असा कुठं नियम आहे? चल. त्या ड्रायव्हरला सांग, आधी कोर्ट. आणि अगं, तो मोजा?

मी : एक करडा, एक काळा. घाला तसेच. पायाकडे कुणी बघत नाही. तुम्ही व्हा पुढं. मी शिंपीणबाईंना घेऊन येते.

हे : तू? त्या गल्लीत?

मी : हो. रस्ता विसरलेली नाही मी. सावकाश आणते, तिला दिसत नाही, माझा गुडघा दुखतो. तुम्ही आमच्याआधी उभे राहिलात तर भिंतीपासून सुरू करा, खिडकी आम्ही आल्यावर सांगा. तिला ऐकायची आहे.

कारकून : वहिनी, साडेअकराच्या आत या म्हणजे झालं.

मी : येते हो. तुम्ही ह्यांना पान एक्केचाळीस विसरू देऊ नका. आणि अहो—

हे : आता काय राहिलं?

मी : तो डावा हात. आज खिशात घालू नका.